फिरती खुर्ची, पक्का कॅमेरा, ८१ खणांचं कपाट : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२५

प्रदर्शनाच्या दालनात तीन वस्तू चालू स्थितीत ठेवायचं नक्की झालं. पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात आल्फाँस बर्तियाँनं कैद्यांची ओळख पटवण्यासाठी बसवलेल्या पद्धतीची फोटोची खुर्ची, तिच्यासमोर ठरलेल्या अंतरावर पक्का केलेला कॅमेरा, आणि मोजमापांच्या कार्डांचं ८१ खणांचं कपाट. कैद्यांचे जुने फोटो मोठे करून भिंतीवर टांगायचे नाहीत. त्या माणसांना फोटोच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, आता पुन्हा त्यांचेच चेहरे लोकांपुढं मांडण्याचा हक्क आपल्याला नाही. यंत्र दाखवायचं, आणि ते माणसाला कसं पकडतं ते हातानं करून दाखवायचं.

संदर्भ थोडक्यात. फ्रान्सनं गुन्हेगाराला डाग देण्याची शिक्षा १८३२ मध्ये रद्द केली. त्यानंतर अंगावर खूण उरली नाही, आणि खोटं नाव सांगणारा जुना गुन्हेगार सहज निसटू लागला. पॅरिस पोलिसांनी १८७४ पासून फोटो काढायला सुरुवात केली, पण फोटो लावले जायचे नावानं. नाव खोटं असेल तर फोटो सापडायचा कसा? १८७९ मध्ये कारकून म्हणून लागलेल्या बर्तियाँनं नेमकी हीच अडचण हेरली. डिसेंबर १८८२ मध्ये त्याला शरीराची मापं घेऊन पाहायची परवानगी मिळाली. १६ फेब्रुवारी १८८३ ला ‘द्युपाँ’ नाव सांगणारा माणूस आधी ‘मार्तँ’ म्हणून मोजला गेलेलाच आहे हे कार्डावरून उघड झालं. त्या वर्षी अशा ४९ जणांची ओळख पटली, पुढच्या वर्षी २४१ जणांची.

हा आकडा कुणाला किती महागात पडला हे फलकावर याच ओळींशेजारी यायला हवं. २७ मे १८८५ च्या कायद्यानं वारंवार शिक्षा झालेल्याला जन्मभरासाठी गयाना किंवा न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच वसाहतींत धाडायची सोय झाली. या शिक्षा पुष्कळदा किरकोळ चोरीच्या आणि भटकेगिरीच्या असत. कपाटात जुनं कार्ड सापडलं की चार-सहा महिन्यांच्या कैदेवर भागत नसे, ती भोगून झाल्यावर समुद्रापार रवानगी.

९ नोव्हेंबर

कॅमेरा. बर्तियाँचा नियम: चेहऱ्याचे दोन्ही फोटो नेमके सातव्या हिश्शाचे, म्हणजे ७ सेंटिमीटरचं अंग काचेवर १ सेंटिमीटर. आमच्याकडे ४×५ इंची व्ह्यू कॅमेरा (पुढं भिंग, मागं घासलेली काच, मधे घडीचा भाता) आणि २१० मिमीचं भिंग आहे. सातपट लहान प्रतिमेसाठी भिंगापासून माणूस नाभीय अंतराच्या (इथं २१० मिमी) ८ पट दूर हवा आणि फिल्म ८/७ पट. म्हणजे पुढं १६८० मिमी, मागं २४० मिमी.

फीत लावून हे अंतर मोजू नये. भिंगाच्या नळकांड्यात मोजायचा बिंदू नेमका कुठं आहे हे बाहेरून कळत नाही, दोन-तीन सेंटिमीटरचा घोळ होतो. त्याऐवजी खुर्चीच्या जागी, डोळ्यांच्या उंचीवर १४० मिमीची पांढरी पट्टी आडवी धरावी. मागच्या घासलेल्या काचेवर ती २० मिमी भरेपर्यंत आणि त्याच वेळी कडा स्पष्ट दिसेपर्यंत कॅमेरा आणि भाता दोन्ही हलवत राहावं. जमलं की दोन्ही पक्के करावेत. तिपाई चालत नाही. रोज कुणाचा तरी पाय लागतो आणि माप बिघडतं. लाकडी चौकट जमिनीला बोल्टनं आवळली आणि पाणसळ लावून तपासली.

डोकं जागेवरून हललं तर काय होतं याचा हिशेब मांडला. बसलेला माणूस २० मिमी पुढं झुकला तर प्रमाण १/७ चं १/६.९ होतं. १९० मिमी लांबीचं डोकं फिल्मवर २७.१ ऐवजी २७.५ मिमी येतं. उलट गणित केलं की १९२.३. सव्वादोन मिमीची चूक. बर्तियाँ डोक्याच्या मापात एका मिलिमीटरवर भांडायचा. त्याच्या पद्धतीत फोटो आणि कॅलिपर (डोकं मोजायचं दोन पायांचं हत्यार) दोन्ही का लागत ते इथं कळतं.

१५ नोव्हेंबर

खुर्ची. सगळ्यात जास्त वेळ हिच्यावर गेला, आणि जायलाच हवा होता.

माणूस आधी समोर बघतो, मग खुर्ची काटकोनात फिरते आणि उजवी बाजू कॅमेऱ्याकडं येते. दोन्ही वेळा प्रमाण १/७ राहायला हवं. समोरून पाहताना आम्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांची पातळी धरली आणि बाजूनं पाहताना नाकाच्या मधोमध डोकं उभं चिरणारी पातळी. या दोन्ही पातळ्या कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर यायच्या तर फिरण्याचा अक्ष दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांच्या मधल्या बिंदूतून जायला हवा. अक्ष कानांच्या रेषेत ठेवला की बाजूचा फोटो बरोबर येतो, पण समोरचे डोळे सुमारे ७५ मिमी पुढं जातात आणि प्रमाण १/६.७ होतं. एकाच माणसाचे दोन फोटो पाच टक्क्यांनी वेगळे.

टेकणीपासून अक्ष साधारण १९० मिमी पुढं आला. खाली ३०० मिमी व्यासाची बेअरिंगची फिरती चकती, तिच्यावर सागाची बैठक. बैठक ३२० मिमीच रुंद ठेवली आणि दोन्ही कडांना उंचवटा दिला, म्हणजे माणूस कलून बसला तर त्याला लगेच टोचतं. काटकोनासाठी चकतीत दोन भोकं आणि स्प्रिंगची खिट्टी. भोक पाडताना गुण्यावर विसंबू नये. खुर्ची बसवून, समोर लांब सुतळी ताणून मगच खूण करावी. खिट्टी ढिली असेल तर खुर्ची ८७-८८ अंशांवर थांबते आणि बाजूच्या फोटोत पलीकडच्या डोळ्याच्या पापण्या डोकावतात. आम्ही तपासायला हीच खूण धरली आहे.

डोकं जागेवर आणण्यासाठी खुर्चीच्या दोन्ही अंगांना छतातून एकेक ओळंबा सोडला. दोघांना जोडणारी रेघ अक्षातून जाते. एका बाजूनं एक डोळा मिटून पाहिलं की दोन दोऱ्या एकीवर एक येतात. डोळ्याचा बाहेरचा कोपरा त्या दोरीवर येईपर्यंत मागची डोक्याची टेकण स्क्रूनं पुढंमागं करायची. पगडी, टोपी, कपाळावरची बट, कानावरचे केस काहीही चालत नाही. कान पूर्ण उघडा हवा.

या खुर्चीत बसून पाहिल्यावर प्रत्येकाच्या लक्षात येतं की इथं बसणाऱ्याला करण्यासारखं काहीच नाही. नजर कुठं, मान किती, खांदा कुठं, सगळं लाकूड ठरवतं. फोटो स्टुडिओत माणूस थोडा तरी स्वतःला मांडतो. इथं ती जागाच ठेवलेली नाही.

२२ नोव्हेंबर

एकाच फिल्मवर दोन फोटो. ४×५ ची फिल्म आडवी धरली की प्रत्येक फोटोला जेमतेम ६२ मिमी रुंदी मिळते. ४२० मिमीचे खांदे सातव्या हिश्शानं ६० मिमी, म्हणजे बसतात. जादा डार्क स्लाइड (फिल्म होल्डरवरचं सरकतं झाकण) अर्धी कापून अर्धी फिल्म झाकतो. कॅमेऱ्याची मागची चौकट आधी ३१ मिमी एका बाजूला, मग तेवढीच दुसऱ्या बाजूला सरकवायची. चौकट समांतरच सरकली तर प्रमाण बदलत नाही. ती जराशी वळली तर मात्र एक कड धूसर येते.

बाजूच्या फोटोत आणखी एक दुरुस्ती लागते. अक्ष डोळ्यांपाशी असल्यामुळं फिरल्यावर डोक्याचा मध्य अक्षाच्या सुमारे ६० मिमी मागं पडतो, फिल्मवर ९ मिमी. ते ९ मिमी सरकवण्यात धरले नाहीत तर डोक्याची मागची बाजू कापली जाते. चौकटीच्या पट्टीवर दोन्ही जागा लाल रंगानं खुणावल्या.

भिंगाचं छिद्र एफ/१६, म्हणजे बारीक. एफ/८ वर, म्हणजे छिद्र मोठं ठेवलं तर, समोरच्या फोटोत फक्त ९ सेंटिमीटर खोलीपर्यंत नीट दिसतं आणि नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ लागतात. म्हणजे डोळे स्वच्छ, कान पुसट. बर्तियाँच्या मते चेहऱ्यात सगळ्यात खात्रीचा भाग कान, त्यामुळं पुसट कानाचा फोटो त्याच्या दृष्टीनं वाया गेलेला.

२९ नोव्हेंबर

त्या काळच्या जिलेटिनच्या काचा लाल रंग ओळखत नसत. आजच्या बाजारात त्यांच्या जवळची, स्वस्त आणि सहज मिळणारी गोष्ट म्हणजे निळ्या प्रकाशाला संवेदनशील एक्स-रे फिल्म. ८×१० इंचाचं पान लाल दिव्यात चार तुकड्यांत कापलं. सरळ चार भाग केले तर ते होल्डरमध्ये जात नाहीत, दोन्ही कडांनी एक-दीड मिमी जास्त छाटावं लागतं. लेप दोन्ही बाजूंना असतो आणि ओला असताना नखानंही ओरखडा उठतो. ट्रेच्या तळाशी सपाट काच ठेवली, एका वेळी एकच फिल्म.

डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर प्रतिमा उमटवणारं द्रावण, डी-२३: एक लिटरला मेटॉल ७.५ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम. पाण्यात आधी सल्फाइटची चिमूट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेलं सल्फाइट. उलट केलं तर दाट सल्फाइटमध्ये मेटॉल विरघळत नाही, खाली साका बसतो. हे द्रावण एकास दोन पाणी घालून वापरलं. तसंच वापरलं तर फिल्म फार कडक येते, नुसतं काळं-पांढरं.

उजेड उत्तरेच्या खिडकीचा. इथं जे दिसलं ते दालनात सांगायलाच हवं. ज्या वेळेत पांढरा पुठ्ठा आणि गोरा चेहरा नीट येतो, त्याच वेळेत गव्हाळ चेहरा काळवंडतो आणि सावळ्या चेहऱ्याचा कान सावलीत विरून जातो. निळी फिल्म तांबूस-तपकिरी रंगाला जवळजवळ आंधळीच असते. सावळ्या कातडीसाठी उजेड दुप्पट ते चौपट द्यावा लागला. एकच ठरीव वेळ सगळ्यांना लावायची म्हटलं तर यंत्र कुणाला स्पष्ट दाखवतं आणि कुणाला डागासारखं, हे रसायनच ठरवून टाकतं. हाताशी तीन छटांच्या चेहऱ्यांचे, सारख्याच वेळेचे फोटो आहेत. ते कुठलीही दुरुस्ती न करता शेजारी शेजारी लावू. दुरुस्ती, म्हणजे रिटचिंग, बर्तियाँनंही बंदच केली होती.

६ डिसेंबर

फोटोवरून माप काढता येतं का, याची चाचणी. ६२ मिमी उंचीचा कान असलेलं प्लास्टरचं डोकं खुर्चीवर बसवलं.

समोरच्या फोटोत कान डोळ्यांच्या पातळीच्या ७५ मिमी मागं असतो. तिथलं प्रमाण १/७ नाही, १/७.३१ आहे. फिल्मवरचं माप सातनं गुणलं की कान ५९.४ मिमी भरतो. बाजूच्या फोटोत तोच उजवा कान कॅमेऱ्याच्या ७० मिमी जवळ येतो, प्रमाण १/६.७१, आणि कान ६४.७ मिमी. एकच कान, एकाच बैठकीतले दोन फोटो, फरक ५.३ मिमी. दोन्ही फोटो चोख काढलेले असूनही.

म्हणून फोटो काढायचा तो आकार ओळखण्यासाठी: कानाची पाळी गालाला चिकटलेली की सुटी, नाकाचा बांध खोलगट की सरळ. आकडा फोटोतून घ्यायचा नाही, अंगावरून घ्यायचा. दालनात प्लास्टरचं डोकं, दोन्ही प्रिंट आणि एक पट्टी ठेवू, लोकांनी स्वतः मोजून पाहावं.

१४ डिसेंबर

डोक्याची लांबी मोजायचा कॅलिपर. बाकदार दोन पायांचा, टोकं गोल, मधे पट्टी आणि आवळायचा स्क्रू. डावं टोक नाकाच्या मुळाच्या खळगीत बोटांनी धरून ठेवायचं, उजवं टोक डोक्याच्या मागं वरखाली फिरवून सगळ्यात लांबचा बिंदू शोधायचा. आकडा वाचून स्क्रू आवळायचा आणि त्याच मापावर पुन्हा फिरवून पाहायचं. माप बरोबर असेल तर टोक त्या बिंदूवर किंचित घासून जातं. १ मिमी कमी केलं तर अडतं, १ मिमी जास्त केलं तर काहीच लागत नाही. दाट केस असले तर टोक केसांतून कातडीपर्यंत नेल्याशिवाय या घासण्याला अर्थ नाही.

डाव्या हाताचं मधलं बोट काटकोनात वाकवून पेराच्या उंचवट्यापासून टोकापर्यंत. डावं पाऊल मोजताना माणसानं फक्त डाव्या पायावर, सगळा भार टाकून उभं राहायचं. दोन्ही पायांवर उभा असेल तर पाऊल आखूड भरतं. वाढ चालू असलेल्या मुलांवर ही पद्धत चालत नाही, हाडं वाढतात आणि कार्ड खोटं ठरतं.

२१ डिसेंबर

कपाट. ९ ओळी, ९ रांगा. चार मापं आणि प्रत्येकाचे लहान, मध्यम, मोठा असे तीन वर्ग, म्हणजे ३×३×३×३. बर्तियाँचं स्वतःचं उदाहरण ९०,००० कार्डांचं आहे. डोक्याच्या लांबीनं ३०,००० चे तीन गट. डोक्याच्या रुंदीनं प्रत्येकाचे १०,०००. मधल्या बोटानं ३,३०० च्या आसपास, पावलानं १,१००. पुढं कोपरापासून हाताची लांबी, उंची, करंगळी, डोळ्यांचा रंग असं करत हातात मोजकीच कार्डं उरतात. त्या मोजक्या कार्डांवरचे फोटो बघून शेवटचा निर्णय. फोटो सगळ्यात शेवटी कामाला येतो.

वर्गांच्या सीमा मिलिमीटरनं सारख्या वाटून चालत नाही. माणसांची मापं मधेच दाटलेली असतात, सारख्या अंतरानं वाटलं तर मधला खण भरून वाहतो आणि कडेचे रिकामे राहतात. प्रत्येक वर्गात कार्डं सारखी पडतील अशी सीमा निवडायची, त्यामुळं ‘मध्यम’चा पट्टा फक्त काही मिलिमीटरचा होतो. इथंच अडचण आहे. माप सीमेला लागून असेल तर मोजणाऱ्याच्या १ मिमीच्या फरकानं कार्ड शेजारच्या खणात जातं, आणि शोधताना दोन्ही खण पाहावे लागतात. दोन मापं सीमेवर असतील तर चार खण, तीन असतील तर आठ. नमुन्याची कार्डं भरून शोध घेतला तेव्हा सगळा वेळ यातच जातो हे दिसलं. कार्डांवर खऱ्या कुणाचीही मापं नाहीत, आकडे चिठ्ठ्या टाकून काढले.

खणांच्या फळ्या ६ मिमी प्लायच्या. कार्डं उभी राहतील इतकी खोली ठेवली, आडवी रचली तर खालची काढताना वरची विस्कटतात.

३ जानेवारी २०२६

कलकत्त्याचा फलक. बंगालमध्ये पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्रीनं १८९० च्या दशकात हीच मापं सुरू केली. त्याच्या तक्रारी आमच्या टेबलावर जे दिसलं त्याच्याशी तंतोतंत जुळतात: हत्यारं महाग, मोजणारे शिकवावे लागतात, आणि मोजताना चूक झाली तर ती पुढं कार्डावरून दुरुस्त करता येत नाही. डोळ्यांच्या रंगाचे सात वर्ग फ्रेंच डोळ्यांसाठी केलेले. बंगालात जवळजवळ सगळे शेवटच्या, गडद वर्गात जातात, तो खण काही गाळतच नाही.

बोटांच्या ठशांची वर्गवारी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या हाताखालच्या दोघांनी उभी केली. ३२×३२, म्हणजे १०२४ खण. १८९७ मध्ये सर्वेअर जनरल स्ट्रॅहन आणि अलेक्झांडर पेडलर यांच्या समितीनं मापांपेक्षा ठसे सरस ठरवले आणि त्याच वर्षी कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. हेन्रीच्या नावानं जगभर गेलेल्या पद्धतीचं गणित हक आणि बोस यांचं. फलकावर तिघांची नावं सारख्याच अक्षरात येतील.

१० जानेवारी

शेवटच्या भिंतीचा मजकूर ठरवला. खुर्ची आणि कपाट दोन्ही गुन्हा केलेल्या माणसासाठी असल्याचं सांगितलं जातं. ही भिंत दाखवते की अशा नोंदी पहिल्यापासून फिरस्त्यांवर चालल्या.

बर्न, १८५२-५३. स्वित्झर्लंडच्या सरकारनं कार्ल दुरहाइम या फोटोग्राफरकडून ज्यांना कुठल्याच गावाचं नागरिकत्व नाही अशा २०० हून अधिक बायका-पुरुषांचे फोटो काढवले. त्यावरून शिळाछाप प्रती काढून प्रांताप्रांतांच्या पोलिसांकडं धाडल्या. या लोकांचा दोष एवढाच की ते एका जागी राहत नव्हते.

फ्रान्स, १६ जुलै १९१२. कायद्यानं फिरस्त्यांना मापांची वही बाळगणं सक्तीचं झालं. १३ वर्षांवरच्या प्रत्येकाची वेगळी वही: समोरून आणि बाजूनं फोटो, उंची, डोकं, उजवा कान, डावं मधलं बोट, डावं पाऊल, बोटांचे ठसे. गावात येताना शिक्का, जाताना शिक्का. कपाट आता माणसानं स्वतःच्या खांद्यावर वाहायचं. १९४० मध्ये याच नोंदी असलेली कुटुंबं छावण्यांत कोंडली गेली. वह्या रद्द झाल्या १९६९ मध्ये.

मुंबई इलाखा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उत्तरेत सुरू झाला, १९११ च्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला. सरकारनं एखाद्या जमातीचं नाव राजपत्रात छापलं की त्या जमातीत जन्मलेला माणूस नोंदला जायचा, ठसे द्यायचा, हजेरीला उभा राहायचा, परगावी जायचं तर पास मागायचा. त्या अधिसूचनेला कोर्टात आव्हान देता येत नसे. कैकाडी, पारधी, मांग-गारुडी यांच्या कितीतरी कुटुंबांनी सोलापूरच्या तारेच्या कुंपणात पिढ्या काढल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा देशभर रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

पॅरिसमध्ये कार्ड एका माणसाचं होतं, आधी अटक आणि मग कार्ड. इथं कार्ड आधी, आणि गुन्हा नसला तरी चालत होता. हा फरक भिंतीवर मोठ्या अक्षरात येईल. सोलापूरच्या भागासाठी विमुक्त समाजातल्या कार्यकर्त्यांनी मजकूर तपासला. जमातींची नावं यादीसारखी छापू नयेत, वाक्यात यावीत, ही त्यांची सूचना मान्य केली.

१७ जानेवारी

दालनात खुर्चीवर कुणालाही बसता येईल. कॅमेऱ्यात फिल्म नसेल. घासलेल्या काचेवर बसलेल्याची उलटी प्रतिमा सोबतचा माणूस पाहील, खुर्ची फिरवेल, पुन्हा पाहील. मोबाइलनं काचेचा फोटो काढू नये अशी पाटी लावली.

चाचणीत बसलेल्या आमच्याच माणसांच्या फिल्म संमती असलेल्यांच्याच ठेवल्या. बाकीच्या घरगुती ब्लीचमध्ये बुडवल्या, काही मिनिटांत लेप सुटून पारदर्शक फिल्म हातात येते. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि ब्लीचमध्ये हायपो (फिल्म पक्की करायचं रसायन) किंवा कुठलंही आम्ल मिसळू देऊ नये, विषारी वायू सुटतो.

शेजारच्या फलकावर १९२० च्या कैदी ओळख कायद्यातली यादी, म्हणजे फोटो, बोटांचे आणि पावलांचे ठसे, आणि तिच्याखाली ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याची यादी: त्यात बुबुळ आणि डोळ्याच्या पडद्याचं स्कॅन, सही, हस्ताक्षर यांची भर पडली आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडं या नोंदी ७५ वर्षं राहतात. निर्दोष सुटलेल्याची, आधीची शिक्षा नसेल तर, नोंद पुसायची तरतूद आहे, पण कोर्ट कारण नोंदवून ती ठेवायला सांगू शकतं. हे वाक्य वकिलांकडून पुन्हा वाचून घ्यायचं आहे.

बाकी कामं: खिट्टीची स्प्रिंग कडक बदलणं, खणांच्या चिठ्ठ्या मराठीत छापणं, पाऊल मोजायच्या पाटाला घसरू नये म्हणून रबर, आणि व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी काचेची पातळी ११०० मिमीवर येईल अशी दुसरी, खालची चौकट.